काकवी, मळी की मोलॅसिस? पुण्यात पहिल्यांदा विकत घेणाऱ्यांसाठी

परदेशी केकच्या कृतीत ‘मोलॅसिस’ लिहिलेलं असतं, आजीच्या वहीत ‘काकवी’ असते, पशुखाद्याच्या दुकानात ‘मळी’ मिळते आणि सुपरमार्केटमध्ये आयात मालाच्या कप्प्यात ‘ट्रीकल’चा डबा दिसतो. सगळ्याच वस्तू गडद, दाट आणि गोड. त्यामुळे एकीच्या जागी दुसरी घेतली जाते, पदार्थ बिघडतो आणि दोष कृतीला लागतो. मी घरी ब्रेड-केक करून विकते आणि शिकवतेही. दर डिसेंबरात मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच असतो: ‘ताई, यातलं नक्की काय आणू?’ त्याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, म्हणून हा सविस्तर लेख.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. उसाचा हंगाम चालू असताना पुण्यात राहून चांगली काकवी न मिळणं अवघड आहे. गुऱ्हाळं तासा-दीड तासाच्या अंतरावर आहेत. फक्त काय मागायचं आणि मिळालेला माल कसा पारखायचा, हे माहीत हवं.

१. आधी ठरवा, नेमकं काय हवंय

ही पायरी घाईत ओलांडू नका. पुढचं सगळं हिच्यावर अवलंबून आहे.

काकवी. उसाचा रस काहिलीत, म्हणजे मोठ्या पसरट कढईत उकळायचा, वर येणारी घाण काढत राहायचं आणि गूळ जमण्याच्या बऱ्याच आधी तो दाट पाक उतरवून घ्यायचा, ती काकवी. रसातलं पाणी आणि मळ एवढंच तिच्यातून गेलेलं असतं. उसाची सगळी साखर आतच राहते, म्हणून ती स्वच्छ गोड लागते आणि तिला ताज्या गुळाचा वास असतो. बाटल्यांवर हल्ली ‘लिक्विड गूळ’ किंवा ‘पातळ गूळ’ असंही छापतात. वस्तू तीच.

मळी. हा शब्द आपल्याकडे तीन वेगळ्या गोष्टींना वापरतात आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. गुऱ्हाळात रस उकळताना वर येणारा काळपट फेस म्हणजे मळी. साखर कारखान्यात रस गाळून मागे उरणारा चोथा, जो शेतात खत म्हणून टाकतात आणि ज्याला प्रेसमडही म्हणतात, तीही मळीच. आणि साखरेचे दाणे काढून घेतल्यावर उरणारा काळा, चिकट द्रव, तोही मळी. वर्तमानपत्रात इथेनॉलच्या बातम्यांमध्ये येते ती ही तिसरी.

कारखान्यात आटवलेल्या रसात साखरेचे दाणे तयार होतात आणि वेगाने फिरणाऱ्या यंत्रात ते द्रवापासून वेगळे केले जातात. उरलेला द्रव पुन्हा शिजवून पुन्हा दाणे काढतात, मग आणखी एकदा. प्रत्येक फेरीत द्रवातली साखर कमी होते आणि क्षार, रंग, कडवटपणा वाढत जातो. या टप्प्यांनाच ए, बी आणि सी मळी म्हणतात. ‘बी हेवी मळीपासून इथेनॉल’ असं वाचाल, तेव्हा दुसऱ्या फेरीनंतरची मळी समजा. तिच्यात साखर बरीच शिल्लक असते, म्हणून टनामागे इथेनॉलही जास्त निघतं.

आपल्या कारखान्यांतली मळी स्वयंपाकासाठी नाही. साखर पांढरी व्हावी म्हणून रसावर चुना आणि गंधकाच्या धुराची प्रक्रिया झालेली असते आणि मळी खाद्यपदार्थासारखी हाताळलीही जात नाही. तिच्यापासून मद्यार्क बनतो, त्यामुळे तिचा साठा आणि वाहतूक यांवर राज्य उत्पादन शुल्क विभागाचं नियंत्रण असतं. पशुखाद्यात, मुरघासात आणि जनावरांच्या चाटण-विटांमध्ये ती वापरतात. तिथे ती उपयोगाची आहे, पण तुमच्या केकमध्ये नाही. ‘मोलॅसिस म्हणजे मळी’ एवढं शब्दकोशात पाहून पशुखाद्याच्या दुकानातून डबा आणू नका.

मोलॅसिस. अमेरिकन कृतीतलं मोलॅसिस तयार होतं मळीसारखंच, म्हणजे साखर काढून उरलेल्या द्रवातून. पण ते खाण्यासाठी, खाद्यपदार्थाच्या स्वच्छतेनं बनवलेलं असतं. त्याचे लाइट, डार्क आणि ब्लॅकस्ट्रॅप असे प्रकार मिळतात. ब्लॅकस्ट्रॅप सगळ्यात काळं, कमी गोड आणि चक्क कडवट. कृतीत नुसतं ‘मोलॅसिस’ लिहिलं असेल, तर लाइट किंवा डार्क अपेक्षित असतं. तिथे ब्लॅकस्ट्रॅप घातलंत तर बिस्किटं औषधी लागतील.

ट्रीकल. ब्रिटिश कृतींमध्ये हा शब्द येतो. ‘ब्लॅक ट्रीकल’ हे डार्क मोलॅसिसच्या जवळचं. ‘गोल्डन सिरप’ हे त्याच घराण्यातलं फिकट भावंड, १८८०च्या दशकात लंडनमध्ये एब्रम लाईल यांच्या कारखान्यातून बाजारात आलेलं. या शब्दाचं मूळ स्वयंपाकघरात नसून औषधाच्या खलात आहे. ग्रीक भाषेत विषारी प्राण्यांच्या दंशावरच्या उताऱ्याला ‘थेरियाके’ म्हणत. तो उतारा मधात किंवा पाकात कालवून देत आणि हळूहळू औषध मागे पडून त्या पाकालाच हे नाव चिकटलं. जुन्या इंग्रजी पुस्तकात ‘व्हेनिस ट्रीकल’ दिसलं तर ते औषध आहे. त्याचा केक करू नका.

आणखी दोन चकवे आहेत. अरबी किंवा तुर्की कृतीतलं ‘डाळिंबाचं मोलॅसिस’ म्हणजे आटवलेला डाळिंबाचा रस. तो आंबट असतो, त्याचा उसाशी काही संबंध नाही. त्याजागी काकवी घालायचीच असेल तर चिंचेचा कोळ सोबत लागेल. आणि श्रीलंकेच्या पदार्थांत ‘कितुल ट्रीकल’ येतं, ते ताडवर्गातल्या झाडाच्या गोड रसापासून करतात. त्याला मात्र काकवी बऱ्यापैकी जवळची आहे.

थोडक्यात, पोळी, भाकरी, घावन, आंबोळी, आमटी यांसाठी काकवी. गोल्डन सिरपऐवजीही काकवी चालते. लाइट मोलॅसिसऐवजी गडद काकवी. डार्क मोलॅसिस किंवा ब्लॅक ट्रीकलऐवजी काकवीवर थोडं काम करावं लागतं, ते शेवटच्या पायरीत सांगते. ब्लॅकस्ट्रॅपला आपल्याकडे घरगुती पर्याय नाही. हवंच असेल तर आयात केलेली बाटली घ्या आणि तिच्यावर ‘अनसल्फर्ड’ लिहिलंय का पाहा. याचा अर्थ गंधकाची प्रक्रिया केलेली नाही.

२. सोबत काय न्याल

दुकानातून सीलबंद बाटली घेणार असाल तर फक्त चष्मा न्या. लेबलावरची अक्षरं बारीक असतात. गुऱ्हाळावरून सुटी घेणार असाल तर हे लागेल:

- स्टीलची घट्ट झाकणाची बरणी किंवा किटली, धुऊन पूर्ण कोरडी केलेली
- बरणीचं रिकामं वजन लिहिलेली चिठ्ठी
- बारीक जाळीची गाळणी किंवा मलमलचं फडकं
- चाखायला लहान चमचा
- गाडीत बरणी उभी राहील असा खोका आणि जुनी वर्तमानपत्रं
- रोख पैसे, कारण शेतातल्या गुऱ्हाळावर मोबाइलला रेंज असेलच असं नाही

प्लास्टिकच्या पाण्याच्या बाटल्या नेऊ नका. काकवी गरम असेल तर त्या आकसतात.

३. पुण्यात कुठे मिळते

महात्मा फुले मंडईच्या आसपासची जुनी किराणा दुकानं आणि गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला भुसार-गूळ विभाग ही पहिली ठिकाणं. मार्केट यार्डात ढेपेचाच व्यापार मोठा आहे, पण गुळाच्या दुकानात काकवी विचारली तर आहे-नाही लगेच सांगतात आणि नसेल तर कोणाकडे मिळेल तेही सांगतात. उपनगरांतले शेतकरी आठवडे बाजार आणि कोकणी मेव्याची दुकानंही पाहा. डिसेंबरमध्ये भीमथडी जत्रा भरते, तिथे बचत गटांच्या स्टॉलवर हमखास दिसते. बनवणारी बाई समोर उभी असते, हा तिथला मोठा फायदा. ऊस कोणता, कधी उतरवली, काय घातलं, सगळं विचारून घ्या.

कोल्हापूरच्या गुळाला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे त्या नावाची काकवीही पुण्यात भरपूर विकली जाते. मानांकन गुळाला आहे, हे लक्षात ठेवा. बाटलीवर ‘कोल्हापुरी’ छापलं म्हणून लेबल न वाचता घेऊ नका.

माझं मत विचाराल तर पहिली काकवी गुऱ्हाळावरूनच आणा. एकदा ताजी चाखलीत की नंतर बाटलीतली पारखायला वेळ लागत नाही.

४. गुऱ्हाळावर जाताना

पुणे जिल्ह्यात दौंड तालुका गुऱ्हाळांसाठी प्रसिद्ध आहे. सोलापूर रस्त्याने उरुळी कांचन ओलांडलं की यवत, चौफुला, पाटस असा पट्टा लागतो आणि आतल्या रस्त्यांना राहू, खुटबाव, केडगाव. गाडी नसेल तर पुण्याहून दौंडला जाणारी लोकल गाडी यवत, खुटबाव, केडगाव आणि पाटस या स्टेशनांवर थांबते. स्टेशनपासून गुऱ्हाळापर्यंत मात्र रिक्षा ठरवावी लागते.

दिवाळीनंतर हंगाम जोर धरतो आणि थंडीत रस सगळ्यात गोड असतो. आधी फोन करून जा. काकवी रोज निघत नाही. गुऱ्हाळवाल्याचा धंदा गुळाचा आहे, काकवीसाठी त्याला एका आदणातला, म्हणजे एका वेळी काहिलीत उकळणाऱ्या रसातला, काही भाग लवकर उतरवावा लागतो. ‘पाच लिटर हवीय, कधी येऊ?’ असं सरळ विचारलं की तो वेळ सांगतो. दौंड भागात पुष्कळ कारागीर उत्तर प्रदेशातले आहेत. त्यांना ‘काकवी’ कळली नाही तर ‘राब’ म्हणा, पण त्यांच्याकडे राब दाट आणि रवाळ असते. म्हणून ‘पातळ, दाणा न पडलेली’ हेही सांगा.

तिथे पोचल्यावर काम बघा, त्यातून पुष्कळ कळतं. चरकातून निघालेला रस काहिलीत येतो. खाली चुलवणात वाळलेली चिपाडं जळत असतात. रस तापला की मळी वर येते आणि गुळवे ती झाऱ्याने काढत राहतात. चांगल्या गुऱ्हाळात रानभेंडीच्या खोडाचं चिकट पाणी घालतात. त्याने मळ धरून वर येतो आणि रस नितळ होतो. थोडा चुनाही घालतात, तो जुनाच रिवाज आहे. काळजी करायची ती पांढऱ्या पुडीची. गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून ‘हायड्रॉस’ नावाची गंधकयुक्त पावडर घालतात. विचारायला संकोच करू नका: ‘दादा, पावडर न घालता केलेली हवी, रंग काळपट चालेल.’ हे शेवटचे तीन शब्द महत्त्वाचे. गिऱ्हाइकाला पिवळा रंग हवा असतो, म्हणून पावडर पडते. तुम्हाला नको म्हटल्यावर बहुतेकांना ती न घालणंच सोयीचं असतं. काही ठिकाणी रसात साखर मिसळतात. आवारात साखरेची पोती दिसली तर शांतपणे परत फिरा.

गूळ जमवायला पाक साधारण ११८ अंशांपर्यंत न्यावा लागतो. काकवी १०५–१०६ अंशांवरच उतरते, म्हणजे गुळव्याच्या नजरेनं बरीच लवकर. कोणी उशिरा उतरवून दिली तर ती चार दिवसांत बरणीत घट्ट बसते. उतरवताना चमच्यावर थेंब घेऊन पाहा, गार झाल्यावर तो सावकाश पण सलग ओघळला पाहिजे.

दोन सूचना कळकळीच्या. लहान मुलांना काहिलीजवळ नेऊ नका. उकळता पाक कातडीला चिकटून बसतो आणि पाण्यापेक्षा वाईट भाजतो. आणि गरम काकवी बरणीत घेतलीत तर झाकण लगेच लावू नका. आतली वाफ झाकणाला लागून पाणी होते, ते पृष्ठभागावर पडतं आणि नेमकी तिथूनच काकवी आंबायला लागते. तोंडाला फडकं बांधून घरी आणा, पूर्ण गार झाल्यावर झाकण लावा.

५. वजन की माप?

इथे पुष्कळ लोक नकळत फसतात. काकवी पाण्यापेक्षा जड आहे. चांगली दाट काकवी लिटरला साधारण १.३ ते १.४ किलो भरते. म्हणजे ‘५०० ग्रॅम’ची बाटली ‘५०० मिली’च्या बाटलीपेक्षा बरीच लहान असते, जेमतेम पावणेचारशे मिली. दोन दुकानांतले भाव ताडून पाहताना आधी दोन्ही किलोवर आणा.

याच आकड्यावर एक सोपी परीक्षाही होते. लिटरच्या मापाने काकवी भरा आणि वजन करा. १.३ किलोपेक्षा बरीच कमी भरली तर ती पातळ आहे, तिच्यात पाणी जास्त आहे. अशी काकवी टिकणार नाही.

६. लेबल वाचताना

घटकांच्या यादीत ‘उसाचा रस’ पहिला हवा. ‘साखर, पाणी, कॅरॅमल रंग’ असं असेल तर तो रंगवलेला साखरेचा पाक आहे. बाटलीच्या पुढच्या बाजूला ऊस आणि बैलगाडीचं चित्र कितीही सुंदर असो. कॅरॅमल रंग १५० या आकड्याने दाखवतात, पुढे ए ते डी यांपैकी अक्षर असतं.

३३० म्हणजे सायट्रिक आम्ल, आपलं लिंबूसत्त्व. साखरेचे दाणे पडू नयेत म्हणून किलोला चिमूटभर घालतात, त्यात गैर काही नाही. २११ म्हणजे सोडियम बेन्झोएट आणि २२४ म्हणजे पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, ही टिकवण्यासाठीची द्रव्यं आहेत. घरात कोणाला दमा असेल तर २२० ते २२८ हे गंधकाचे आकडे टाळा.

एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, १४ आकडी परवाना क्रमांक बाटलीवर असायलाच हवा. तो त्यांच्या फॉस्कॉस या संकेतस्थळावर टाकून पाहता येतो. तुम्हाला स्वतः काकवी भरून विकायची असेल तर तुम्हालाही नोंदणी लागेल. त्यासाठी फोटो, ओळखपत्र आणि जागेच्या पत्त्याचा पुरावा तयार ठेवा. धंदा म्हणून गंभीरपणे शिकायचं असेल तर कोल्हापूरच्या प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्राशी संपर्क करा. गूळ आणि काकवी हाच त्यांचा विषय आहे.

७. घरी आणल्यावर पारख आणि साठवण

आधी वास घ्या. ताज्या गुळाचा, किंचित उसाचा वास हवा. काडेपेटीतल्या काडीसारखा वास आला तर गंधक आहे. दारूसारखा आला तर ती आंबली आहे. झाकण उघडताना फस्स आवाज झाला आणि वर फेस असेल तर खाऊ नका.

मग चव. किंचित खारट लागली तर घाबरू नका, खारवट जमिनीतल्या उसाला ती चव येते. पोळीबरोबर नको वाटली तर आमटीत वापरा. जिभेवर फक्त साखर जाणवली, मागे उसाची चव उरलीच नाही, तर मिसळ असल्याचा संशय घ्या. चमचाभर काकवी पेलाभर पाण्यात ढवळून ठेवलीत तर थोडा गाळ तळाला बसतो. तो खऱ्या रसात असतोच, भेसळीचं लक्षण नाही. तळाला साखरेचे खडे दिसणं हीसुद्धा भेसळ नव्हे. बरणी कोमट पाण्याच्या पातेल्यात ठेवा, खडे विरघळतात.

गुऱ्हाळावरून आणलेली काकवी आठ-दहा दिवस न हलवता ठेवा. गाळ खाली बसतो, मग वरची नितळ काकवी अलगद काचेच्या कोरड्या बरणीत ओतून घ्या. बरणीत ओला चमचा कधीही घालू नका. माल खराब होतो तो जवळजवळ नेहमी याच एका कारणाने. पावसाळ्यात पुण्यातल्या दमट हवेत बरणी फ्रिजमध्येच ठेवा. घट्ट होईल, पण वापरण्याआधी बाहेर काढून ठेवली की पुन्हा वाहती होते.

८. स्वतः करून पाहायची असेल तर

रसवंतीवर जा आणि लिंबू, आलं, बर्फ काहीही न घालता रस मागा. तीन लिटर रसापासून साधारण अर्धा लिटर काकवी होते, ऊस गोड असेल तर थोडी जास्त. रस आणल्या आणल्या गॅसवर चढवा. तो फार लवकर आंबतो.

मलमलने गाळून रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात घ्या. पातेलं निम्म्याहून जास्त भरू नका, फेस जोरात येतो. मध्यम आचेवर तापवा आणि उकळी येण्याआधी वर जमणारी मळी झाऱ्याने काढा. दोन-तीन भेंड्या ठेचून वाटीभर पाण्यात कुस्करा, ते पाणी गाळून घाला, पुन्हा मळी येईल, तीही काढा. मळी निघेपर्यंत ढवळायचं नाही, नाहीतर ती रसातच मिसळते. नंतर आच वाढवून आटवा. फेस उतू जायला लागला तर अर्धा चमचा तूप टाका. गुऱ्हाळातही यासाठी तेल टाकतात. शेवटी आच मंद करा आणि सतत ढवळा, कारण करपते ती याच वेळी.

आता तापमान. वर १०५–१०६ हा आकडा सांगितला, पण पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. इथे पाणीच जवळपास ९८ अंशांना उकळतं. म्हणून पुस्तकी आकडा जसाच्या तसा धरलात तर काकवी जास्त आटेल. आधी तुमचा थर्मामीटर उकळत्या पाण्यात बुडवून आकडा पाहा आणि त्यात पाच ते सहा मिळवा. म्हणजे पुण्यात १०३–१०४ च्या आसपास गॅस बंद. थर्मामीटर नसेल तर गार बशीवर थेंब टाका. तो सावकाश पसरायला हवा, गोळीसारखा बसता कामा नये. गरम असताना ती पातळच दिसते, त्याला भुलून आणखी आटवू नका. उतरवल्यावर किलोला चिमूटभर, म्हणजे सुमारे ०.४ ग्रॅम लिंबूसत्त्व घालून ढवळा.

९. वापरताना

रोजच्या जेवणात काही शिकवायची गरज नाही. गरम भाकरी, तूप आणि काकवी. तांदळाचं घावन किंवा आंबोळी असेल तर शेजारी वाटीत. दशमीची कणीक भिजवताना दुधाबरोबर काकवी घातली तर दशम्या मऊ राहतात, प्रवासात दोन दिवस टिकतात. आमटीत गुळाच्या खड्याऐवजी अर्धा चमचा घाला, लगेच मिसळते.

गुळाच्या जागी काकवी घेताना तिच्यातलं पाणी धरा. १०० ग्रॅम गुळाला साधारण १२५ ते १३० ग्रॅम काकवी आणि कृतीतलं पाणी किंवा दूध दोन मोठे चमचे कमी. खिरीत घालायची असेल तर गॅस बंद करून खीर जरा निवल्यावरच घाला, उकळत्या दुधात घातली तर दूध फाटू शकतं.

संक्रांतीच्या वड्या आणि चिक्की काकवीची करायला जाऊ नका. लिंबूसत्त्व घातलेली काकवी कितीही आटवली तरी खुटखुटीत होत नाही, चिकट राहते. तिथे चिक्कीचा गूळच हवा.

बेकिंगमध्ये लाइट मोलॅसिसऐवजी काकवी मापाला माप घ्या. डार्क मोलॅसिस किंवा ब्लॅक ट्रीकल हवं असेल तर काकवी जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर आणखी गडद होऊ द्या. कडेने करपल्याचा वास यायच्या आत उतरवा आणि जास्त घट्ट झाली तर चमचाभर गरम पाणी घाला. कडवट झाक येते, आल्याच्या बिस्किटांना आणि ख्रिसमसच्या फ्रूट केकला तीच हवी असते. मोलॅसिस आंबटसर असतं आणि कृतीतला खाण्याचा सोडा त्या आंबटपणावर फुलतो. काकवीचा आंबटपणा दर घाण्याला बदलतो. म्हणून कृतीत बेकिंग पावडर नसून फक्त सोडा असेल, तर कपभर काकवीला एक छोटा चमचा लिंबाचा रस घाला. नाहीतर केक बसका होईल आणि सोड्याची चव राहील.

ब्राउन शुगर विकत आणायची गरज नाही. कपभर साखरेला एक मोठा चमचा दाट काकवी बोटांनी चोळून लावा, गडद हवी तर दोन चमचे. काकवीत मोलॅसिसपेक्षा पाणी जास्त, त्यामुळे साखर ओलसर वाटते. ताटात पसरून पंख्याखाली तासभर ठेवा, मग डब्यात भरा.

मधुमेह असलेल्यांसाठी सांगते, काकवी ही साखरच आहे. मोठा चमचा काकवी म्हणजे साधारण २० ग्रॅम आणि त्यात १४ ग्रॅमच्या आसपास साखर. तिच्यात लोह, कॅल्शियम असतं हे खरं, पण चमच्या-दोन चमच्यांतून मिळणारं प्रमाण थोडं. जागतिक आरोग्य संघटना वरून घेतलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत ठेवायला सांगते. २००० कॅलरीच्या आहाराला ते ५० ग्रॅम होतात आणि चहातली साखरही त्यातच मोजायची. औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारूनच रोजच्या ताटात घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाच्या खिमटीत किंवा नाचणीच्या सत्त्वात काकवी घालायची नाही. घरातली वडीलधारी माणसं ‘गुळाचंच तर आहे’ म्हणतील, त्यांना प्रेमाने थांबवा आणि बाळाला केळं किंवा भिजवलेला खजूर कुस्करून द्या.